पाटणकरांच्या पुढचं घर

"ह्यात विस्तव घालायचा कुठे गो?"

जिजींनी हे विचारलं तेव्हा मुकादम आणि त्यांच्या दुकानातली दोन माणसं भिंतीला टेकून धापा टाकत होती. तीन जिने चढवून आणलेली कुकिंग रेंज आमच्या स्वयंपाकघरात, खिडकीखाली, मी खडूने आखून ठेवलेल्या चौकटीत बरोबर बसली होती. वर गॅसच्या चार शेगड्या, पुढे काळ्या बटणांची रांग, खाली विजेचा ओव्हन आणि त्याला आरपार दिसणारं काचेचं दार. दोन महिने शाळेतून येताना मी ती मुकादमांच्या दुकानात रोज बघत होते. आता ती माझ्या घरात होती, आणि तिला हात लावायचा मला धीर होत नव्हता.

"जिजी, ह्याला विस्तव लागत नाही," मी म्हणाले. "वरच्या शेगड्या गॅसवर, खालचा ओव्हन विजेवर. आत वर एक कॉइल आहे, खाली एक. दोन्हीकडून भाजतो."

"वर गॅस नि खाली वीज? एका पोटाला दोन जेवणं? भारीच लाडावलेलं आहे हो."

"मावशी, वीज गेली तर गॅस आहे, गॅस संपला तर वीज आहे," मुकादम हसत म्हणाले. "मॅडमचं काम अडायचं नाही."

"आणि दोन्ही संपलं तर?"

"तर तुम्ही आहात की!"

मुकादमांनी एक बटण दाबलं. ओव्हनच्या आत पिवळा दिवा लागला आणि ती रिकामी, चकचकीत खोली काचेतून दिसायला लागली. जिजींनी नकळत हात जोडले. खोटं कशाला बोलू, मलाही जोडावेसे वाटले होते. शिकलेली बाई म्हणून मी ते पदराखाली ठेवले.

ही एकोणीसशे शहाण्णवची गोष्ट. मी रत्नागिरीत मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवत होते. चमचा म्हणजे सपाट चमचा, वाटी म्हणजे दोनशे मिलीची वाटी, असं नववीच्या मुलींना बजावणारी मी. मोजमापावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास. आणि जिजी, म्हणजे माझ्या सासूबाई, राजापूरजवळच्या त्यांच्या वाडीत पंचेचाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या. त्या वर्षी थंडीत त्यांना श्वास पुरेनासा झाला. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून आम्हाला दाखवला आणि म्हणाले, "चुलीपुढे आणखी एक पावसाळा बसल्या, तर मला बोलावू नका."

दिगंबर, माझा नवरा, आईला घेऊन आला खरा, पण जिजी काही रुजेनात. त्यांची कापडी पिशवी खाटेखाली तोंड बांधून तशीच पडलेली. कुठल्याही कामाला हात लावू दिला नाही की म्हणायच्या, "बसून खायला मी काय पाहुणी आहे?" शेवटी एकदा जेवताना त्यांनी सांगूनच टाकलं.

"श्रावणात तवशी आली की मी धोंडस करत्ये. एकही वर्ष चुकलेलं नाही. ते इथे होत असेल तर राहीन. नसेल होत, तर मला माझ्या चुलीकडे पोचवा."

तवसं म्हणजे आमच्याकडची हातभर लांब, जून काकडी. तिचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं असं सगळं शिजवून टोपात थापायचं आणि भाजायचं. टोपाखाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे. वरून आच लागल्याशिवाय धोंडस होत नाही, नुसता शिरा होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये निखारे कुठून आणायचे? म्हणून ही रेंज. दिगंबरला मी असंच सांगितलं होतं. त्यात माझी केकची हौसही होती, ती त्याला सांगायची गरज नव्हती.

पहिल्या आठवड्यात सगळी बिल्डिंग येऊन गेली. पहिला केक टाकला तेव्हा जिजी पाट घेऊन ओव्हनसमोर बसल्या, टीव्हीपुढे बसावं तशा. पीठ फुगायला लागलं तशा त्या पुढे पुढे सरकत गेल्या.

"सुनीती, अगो धावून ये, श्वास घेतोय हा!"

केक बाहेर काढला तेव्हा मात्र आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. बूड काळं, डोकं पांढरंफटक.

"पेन्शनीतल्या मास्तरांसारखा दिसतो," जिजी म्हणाल्या.

मी मैद्याला दोष दिला. दुसऱ्या केकच्या वेळी अंड्यांना. तिसऱ्याच्या वेळी पुस्तिका उघडून बसले, बटणं पुन्हा पुन्हा तपासली. सगळं पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे होतं. शाळेच्या प्रयोगशाळेतून ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला. काटा बरोबर एकशे ऐंशीवर. तरीही केकचं डोकं पांढरं ते पांढरंच.

चौथ्या केकसाठी ओव्हन तापत होता, तेवढ्यात जिजी उठल्या. त्यांनी दार उघडलं आणि उजवा हात मनगटापर्यंत सरळ आत घातला. तळवा खाली. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मला वाटलं जप चाललाय. मग हात काढून झटकला आणि पुन्हा आत घातला, या वेळी तळवा वर. या खेपेला कितीतरी वेळ तो हात आतच राहिला.

"जिजी! भाजेल!"

"भाजेल कसा? वरनं थंड आहे हा."

"थंड कसा असेल? हा बघा काटा. एकशे ऐंशी."

"काटा बसलाय एका जागी. त्याला वरचं-खालचं काय कळणार?"

"अहो, आतली हवाच तेवढी तापलेली असते. वर काय, खाली काय."

"असेल. तुझा काटा खोटा असं मी कुठे म्हणत्ये? पण वरनं थंड आहे."

आता हे मी वर्गात शिकवत होते. पुस्तकात आकृतीसकट होतं. आणि चौथी पास बाई मला हात दाखवून सांगत होती. मी दार लावलं, जरा जोरातच, आणि म्हणाले, "जिजी, ही चूल नाही."

त्यांनी पाट उचलून भिंतीशी ठेवला आणि बाहेर जाऊन बसल्या. तो केकही पांढऱ्या डोक्याचाच झाला.

श्रावण लागला. दिगंबरने बाजारातून चांगलं दोन किलोचं तवसं आणलं. रविवारी आपण दोघी मिळून धोंडस करू, असं मी जिजींना सांगितलं. त्या "हो" म्हणाल्या. पण गुरुवारी दुपारी दीड वाजता मी शाळेतून आले, तर पहिल्या मजल्यापर्यंत धूर आलेला.

मी धावत वर आले आणि दार उघडलं. स्वयंपाकघरात पांढरा धूर भरला होता. जिजी पदर नाकाला लावून पाटावर बसल्या होत्या आणि खोकून खोकून त्यांचं अंग हलत होतं. वरच्या शेगडीवर नारळाची करवंटी भडकून पेटलेली. ओव्हनचं दार अर्धं उघडं. आत पितळी टोप, टोपावर झाकण, आणि झाकणावर लालबुंद निखारे.

मी गॅस बंद केला. विजेचा मेन ओढला. खिडकी उघडली. मग मोरीतली भरलेली बादली उचलून सगळीच्या सगळी ओव्हनमध्ये ओतली. चर्र झालं, वाफेचा लोट अंगावर आला आणि काडकन आवाज होऊन दाराची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली.

"तुम्हाला मरायचंच असेल ना," मी ओरडले, "तर तुमच्या वाडीत जाऊन मरा! माझ्या घरात नको!"

भीतीने बोलले, असं नंतर मी स्वतःला बरेचदा सांगितलं. त्यात भीती होती हे खरं. पण माझ्या नव्याकोऱ्या रेंजची काच तडकली होती, तो रागही होता.

खोकला थांबल्यावर जिजी इतकंच म्हणाल्या, "वरनं आच नव्हती गो. मी काय करू?"

टोपात पाणी शिरून धोंडसाचा चिखल झाला होता. चव बघण्याचंसुद्धा मनात आलं नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत मी ते कचऱ्याच्या बादलीत उपडं केलं.

संध्याकाळी दिगंबर आला. जिजी त्याला शांतपणे म्हणाल्या, "रविवारच्या साडेतीनच्या गाडीने मला पोचव."

"जिजी, अगं डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"त्यांना बोलावू नका असंच ना? नका बोलावू."

तीन दिवस घरात भांड्यांचा तेवढा आवाज होता. दिगंबरने आईला समजावलं, मग मला बोलला, मग दोघींशीही बोलायचा थांबला. माफी मागायला मी दोनदा त्यांच्या खाटेपर्यंत गेले आणि दोन्ही वेळा चादर झटकून परत आले. माझा स्वभावच तसा आहे. चूक कळते, पण जीभ वळत नाही.

रविवारी सकाळी मुकादम नवी काच घेऊन आले. काच बसवून झाल्यावर म्हणाले, "पाणी आत गेलंय मॅडम, मागनं पण उघडून बघतो. शॉर्ट असेल तर घात व्हायचा."

जिजी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. अंगावर चांगलं लुगडं, पायाशी बांधलेली पिशवी. गाडी साडेतीनची आणि वाजले होते सव्वाअकरा.

मुकादमांनी रेंज पुढे ओढली, मागचा पत्रा काढला, बॅटरीचा झोत टाकला. मग झोत एका जागी धरून आणखी आत वाकले.

"काय झालं? जळलंय का?"

"जळायला ती कधी लागलीच नाही," ते म्हणाले. "इकडे या मॅडम. ही वरची कॉइल. ही तिची वायर. बघा, कंपनीतून आली तशी टोकाला प्लॅस्टिकची टोपी लावून लोंबत्येय. जोडलेलीच नाही. पहिल्या दिवसापासून तुमचा ओव्हन नुसता खालनं चालतोय."

मी वाकून पाहिलं. लाल वायर, टोकाला इवलीशी पिवळी टोपी.

"पण थर्मामीटर एकशे ऐंशी दाखवत होता."

"दाखवणारच. खालची कॉइल एकटी राबून आतली हवा तेवढी तापवत होती. पण वरनं आच नाही म्हणजे नाही. वरची कॉइल आत लपलेली, डोळ्यांनी पण दिसत नाही. मला सुद्धा पत्रा उघडल्याशिवाय आणि मीटर लावल्याशिवाय कळलं नसतं."

मी तिथेच, जिजींच्या पाटावर बसले. मीटर नाही, पत्रा उघडलेला नाही, बटणांवरचं एक इंग्रजी अक्षर वाचता येत नाही, आणि त्या बाईने एकदा हात आत घातला आणि सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मग जे नव्हतं ते त्यांनी स्वतः आणून ठेवलं. वरची आच नाही ना, मग ही घ्या वरची आच. त्यात धूर झाला, जीव धोक्यात घातला, ते सगळं खरं. पण त्या दुपारी त्या घरात ओव्हन कसा चालतो हे एकट्या त्यांनाच कळलेलं होतं. आणि मी त्यावर बादली ओतली.

वायर जोडून, पत्रा लावून मुकादम हात पुसत बाहेर गेले. "मावशी, वरची वायर जोडलेली नव्हती. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"हातानं," जिजी म्हणाल्या.

मुकादमांनी आपल्या हातातल्या मीटरकडे पाहिलं आणि तो खिशात टाकला.

ते गेल्यावर मी जिजींच्या समोर जमिनीवर बसले. या खेपेला झटकायला चादर नव्हती.

"जिजी, माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं? धूर झालाच होता की."

"मी बोलले ते चुकलं."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो. ते लागलं मला. टाकलंस तेही लागलं."

मला रडू आलं. ते आवरायचा प्रयत्न मी केला नाही. थोड्या वेळाने नाक पुसून म्हणाले, "अर्धं तवसं अजून आहे."

जिजींनी घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजत होते. पिशवीकडे पाहिलं.

"किसायला घे," त्या म्हणाल्या. "पाणी टाकू नको हो त्याचं."

मी किसलं. त्यांनी रवा भाजला, नव्या शेगडीवर, आच इतकी बारीक करून की ज्योत निळ्या मण्यांची माळ दिसत होती. कीस, गूळ, खोबरं, चिमूटभर मीठ, हळद, वेलची. शिजून गोळा कडा सोडायला लागला तसा तुपाचा आणि काकडीचा वास घरभर पसरला. मी चमचा घेऊन मापायला गेले आणि परत ठेवून दिला. टोपात केळीचं पान घातलं, त्यावर थापलं. ओव्हन लावला. काटा एकशे ऐंशीवर आला तेव्हा मी म्हणाले, "जिजी, तुम्ही बघा. हात घालून तुम्ही जप करता तो मलाही सांगा."

"जप कसला गो? घरं मोजत्ये मी."

"घरं?"

"वाडीतली. आमच्याकडे घड्याळ कुठलं तेव्हा? सासूबाईंनी मला शिकवलं. आचेवर हात धरायचा नि वाडीतनं चालत निघायचं, वरच्या आठल्यांपासून नदीपर्यंत. फणसाच्या आठळ्या भाजायच्या तर पुराणिकांपर्यंत हात टिकला की पुरे. धोंडसाला नदीकडच्या पाटणकरांपर्यंत टिकायला हवा. त्याच्या आधी चटका बसला तर विस्तव जास्त. पाटणकर ओलांडून गेलीस तर कमी."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी तळव्याला बरोबर पाटणकरांशी चटका बसला. हात उलटा केला, तर सगळी वाडी संपली तरी काही नाही. म्हणून म्हटलं, वरनं थंड आहे."

पंचेचाळीस वर्षं त्या हे करत होत्या आणि मी अकरा वर्षं त्यांची सून होते. मला हे माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

जिजींनी दार उघडलं, हात आत घातला आणि डोळे मिटले. या खेपेला मोठ्याने बोलल्या.

"वरचे आठल्ये. खालचे आठल्ये. पुराणिक. आमचं. गुरव. सुतार. नदीकडचे पाटणकर."

हात आतच होता.

मी काट्याकडे पाहिलं, त्यांच्या हाताकडे पाहिलं. पाटणकरांच्या पुढे घर नाही. पुढे नदी. म्हणजे आच कमी होती, म्हणजे वायर जोडूनही ओव्हन चुकलाच होता, आणि साडेतीनला गाडी होती. जिजींच्या कपाळावर आठी आली. हात अजून आत. मग त्यांनी तो सावकाश उलटा केला आणि आठी हळूहळू मोडली.

"आणि आमचं रत्नागिरीचं," त्या म्हणाल्या आणि हात बाहेर काढला.

मी बघतच राहिले.

"दोन्हीकडनं सारखी आच आहे आता," पदराला हात पुसत त्या म्हणाल्या. "कुठूनच बोचत नाही. विस्तवासारखी धसमुसळी नव्हे ही. हिला एक घर जास्त लागतं. बघत काय बसलीस? घाल टोप."

मी टोप आत ठेवला. झाकण त्यांनी ठेवू दिलं नाही. वरून आच लागू दे की त्याला, म्हणाल्या. आम्ही दोघी पाटावर आणि जमिनीवर बसून काचेतून बघत राहिलो. आधी कडा सुटल्या. मग मध्ये बारीक भेगा पडल्या. आणि मग वरचा पिवळा रंग, बघता बघता, भाजलेल्या काजूसारखा होत गेला. आयुष्यात मी पुष्कळ भाजलंय, शिकवलंय. पण भाजणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असं मला अजून वाटतं.

तीन वाजता दिगंबर रिक्षा घेऊन आला. दारातूनच, पडलेल्या आवाजात म्हणाला, "जिजी, निघायचं ना? पिशवी दे."

जिजींनी काचेवरची नजर काढली नाही.

"गरम धोंडस कापतात का रे कधी? रात्रभर निवायला हवं. पाठव रिक्षा."

दिगंबरने माझ्याकडे पाहिलं. मी उठले, बाहेरच्या खोलीत गेले, आणि पिशवीची गाठ दातांनी सोडवली, इतकी ती घट्ट बसली होती.

धोंडस सोमवारी सकाळी कापलं. एक वडी मुकादमांच्या दुकानात गेली. जिजी त्यानंतर अकरा वर्षं आमच्याकडे होत्या, आणि गेल्या त्याही आमच्याच घरून, झोपेत, श्रावण संपल्यावर.

ती रेंजही आता नाही. नवीला आकडे उमटतात, तापल्यावर ती आपणहून वाजते. वाजली तरी मी दार उघडून हात आत घालते आणि डोळे मिटते. वाडीत आता पुराणिकांचं आणि सुतारांचं, दोनच घरं उघडी आहेत असं दिगंबर सांगतो. मी सगळ्यांच्या दारांवरून जाते, आठल्यांपासून पाटणकरांपर्यंत. आठव्या घराशी पोचले की हात बाहेर काढते.